तबक कुणाच्या हातात होतं

"इसको गुलाबी वाली दे दो। शर्मीली है।"

हे माझ्याबद्दल होतं. बोलणारी बाई माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात राख्या. फेब्रुवारीत राख्या. मागच्या श्रावणात कुठल्यातरी दुकानात न खपलेल्या, स्पंजच्या, चमकी उडालेल्या. शेजारची बाई त्यातली गुलाबी शोधायला लागली. तिला ती पटकन सापडेना. मी उभी होते. माझ्या शेजारी जोबिन उभा होता. त्याच्या हातात आमचे दोन डबे होते, झाकणं नीट न लागलेली, कारण आम्हाला जेवता जेवता उठवून आणलं होतं.

भोपाळमधला शाहपुऱ्याचा तलाव. भर दुपार. प्रेमाचा म्हणतात तो दिवस. मी तलावाजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. जोबिन पलीकडच्या गल्लीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच कारखान्यात होते, आम्ही एकाच मिशनरी शाळेत शिकलो. जेवायच्या सुट्टीत तलावाच्या कट्ट्यावर बसायचो. त्या दिवशी तारीख मला आठवत होती. मी म्हटलं, पोळीभाजी खायला काय हरकत आहे.

जोडप्यांना पकडून राख्या बांधायला लावणाऱ्यांनी मांडव घातला होता. बॅनरवर 'संस्कार' हा शब्द माझ्या उंचीएवढा. आमच्या पुढे एक जोडपं होतं. ती मुलगी रडत रडत त्या मुलाच्या मनगटाला गाठ मारत होती आणि गाठ सुटत होती. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बंदोबस्ताचा शिपाई शेंगा सोलत बसला होता. त्याने मला समजुतीनं सांगितलं, "बांध दो बिटिया। दो मिनट का काम है, फिर घर जाओ।"

त्याच्या आवाजात खरंच माया होती. मला ती मायाच जास्त लागली.

नावं विचारली. जोबिनने नाव सांगितलं तसं खोकेवाल्या बाईने पहिल्यांदा मान वर केली. "अच्छा। ईसाई।" एवढंच म्हणाली. मग मोबाईल बाहेर निघाले. आधीच्या जोडप्याचं कुणी शूटिंग केलं नव्हतं.

तेवढ्यात मला दामले काका दिसले.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. कारखान्याच्या कायदा विभागातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. बाबा त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दरवर्षी मंडळाच्या गणपतीची सगळी वायरिंग बाबा करतात. फुकट. काका दरवर्षी माईकवरून त्यांचं नाव घ्यायचं विसरतात. मांडवात गादीची एकच खुर्ची होती, तिच्यावर काका बसले होते.

त्यांना बघून मला हायसं वाटलं. हे लिहितानासुद्धा दात आवळले जातात. एवढ्या हिंदी आवाजांत आपल्या भाषेचा एक माणूस. मी हाक मारली, "काका!"

ते उठून आले. चष्म्यावरून बघितलं. "अगं, तू आपल्या इलेक्ट्रिशियनची ना?"

मी मान हलवली. आता सुटलो, असं वाटलं. काकांनी हसून त्या बायकांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "मुकाट्यानं बांध. नाहीतर बाबांना इथे बोलावून घेतो. मग त्यांच्यासमोर बांध."

मी राखी घेतली. जोबिनच्या हाताला लावली. काका म्हणाले, असं नाही. शास्त्र असतं. त्यांनी टेबलावरचं तबक उचललं. आधी कुंकू, मग अक्षता. मी जोबिनच्या कपाळावर कुंकू लावलं. मग ओवाळायला सांगितलं. तबकात निरांजन नव्हतं, सुपारी नव्हती. काका जरा अडले. त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि तबकात ठेवली. "सोन्याशिवाय औक्षण होत नाही," म्हणाले. त्या बायकांना हिंदीत समजावून सांगितलं, आमच्या महाराष्ट्रात सोन्याने ओवाळतात. बायकांना फार कौतुक वाटलं. एक म्हणाली, "कितनी सुंदर परंपरा है।"

माझा हात वर जाईना. काकांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात त्यांनीच फिरवला. एका हातात तबक, दुसऱ्या हातात माझं मनगट. फोटो निघत होते.

"अब ये तुम्हारी बहन हुई," ते जोबिनला म्हणाले. "धर्म की बहन। कुछ दो बहन को।" जोबिनने खिशातून नोट काढून तबकात ठेवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. शिपायाने शेंगांची फोलपटं झटकली.

काकांनी अंगठी परत बोटात घातली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे असं झालं असतं तर मुलीला घराबाहेर पाऊल ठेवू दिलं नसतं, म्हणाले. मग थांबून, अगदी सहज, "तुमच्यात चालत असेल."

तुमच्यात. मंडळात आम्ही वीस वर्षं आहोत. कोजागिरीचं दूध आटवायला आई, खुर्च्या मांडायला मी, वायरिंगला बाबा. त्या दिवशी कळलं की वीस वर्षं आम्ही 'तुमच्यात' होतो.

जोबिन राखी तलावात टाकायला निघाला होता. मी त्याच्याकडून काढून घेतली. तो म्हणाला, "रखोगी क्यों?" ती मी माझ्या कंपासपेटीत ठेवली. कर्कटकाच्या शेजारी.

घरी पोचले तोवर काकांचा फोन येऊन गेला होता. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबा म्हणाले, "साहेबांनी मिटवलं म्हणून. नाहीतर पोलिसांत गेलं असतं." अयोध्या नगरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत बाबा उभे होते, मागच्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून गहू निवडत होती. दुसऱ्या दिवशी बाबा काकांच्या घरी पेढे घेऊन गेले. आभार मानायला. माझ्या अपमानाचे पेढे, दामल्यांच्या घरात.

मंडळाच्या ग्रुपवर काकांनी लिहिलं, आपल्या मंडळातील एका कन्येस योग्य मार्गावर आणले. नाव नव्हतं. शूटिंग होतं. नाव कशाला हवं मग. खाली लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. आई ते बघत राहिली. तिच्या मोबाईलचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. मग हे अंगाशी येईल असं कुणीतरी काकांना सांगितलं असावं, कारण दोन दिवसांनी शूटिंग ग्रुपवरून गायब झालं. ज्यांनी बघायचं होतं त्यांचं बघून झालं होतं.

त्यानंतर सुरू झालं ते भावाचं.

पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दामले काकू वाण देताना म्हणाल्या, "भाऊ काय म्हणतोय गं?" हॉलभर बायका हसल्या. कुणी जोरात नाही. पदर तोंडाला लावून. रक्षाबंधनाला त्यांनी आईच्या हाती नारळीभाताचा डबा पाठवला. भावाला दे म्हणावं. डबा परत करताना रिकामा देऊ नये म्हणून आईने त्यात साखर घातली. मी आईला म्हटलं, रिकामा दे. आई म्हणाली, तसं करू नये. आमच्या घरात हे वाक्य खांबासारखं आहे. त्यावर छप्पर उभं आहे.

मी लाजाळू आहे. हे सगळे सांगतात, खोटं नाही. रिक्षावाल्याला 'इथे थांबा' म्हणायलाही मला तीनदा मनात म्हणून बघावं लागतं. शाळेत आम्हाला बोलायला शिकवलं ते 'सॉरी मिस' आणि 'यस मिस'. पण लाजाळू माणसाला एक सोय असते. त्याच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्याला सगळं दिसतं. मी बघत राहिले. काका कसे बसतात. कुणाच्या नमस्काराला मान हलवतात, कुणाच्या नाही. अंगठी कशी फिरवत राहतात, बोलताना.

गणपतीत त्यांचं व्याख्यान झालं. विषय कायदा. कुठल्यातरी नागरिक समितीत ते होते, सरकारला सूचना पाठवणार होते. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांची नोंद व्हावी. ती नोंद आईवडिलांना कळवावी. आंतरधर्मीय लग्नाच्या नोटिशीला आईवडिलांची संमती जोडावी. धर्मगुरूचा दाखला असावा. आमच्या मंडळातले इंजिनिअर, बँकवाले, डॉक्टर मान डोलावत होते. मी मागे स्विचबोर्डाजवळ बाबांच्या शेजारी बसले होते. काका म्हणाले, "धर्म काय योग्य ते सांगतो. कायदा ते करून घेतो. आणि लोक म्हणतात खाजगी आयुष्य. अरे, खाजगी असं काही नसतं. देव सगळं बघतोच ना? मग सरकारनं बघितलं तर काय बिघडलं?"

टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.

मी मनात म्हटलं, देवाने कधी माझं मनगट धरलं नाही. देवाने शूटिंग करून ग्रुपवर टाकलं नाही. ज्या खुर्चीवरून देव बघतो म्हणतात, त्या खुर्चीवर तुम्हाला बसायचंय काका, आणि गादीसकट.

पण मनातच. बाबांनी व्याख्यान संपल्यावर त्यांच्या माईकची वायर गुंडाळली. फार काळजीने गुंडाळली, दरवर्षीपेक्षा जास्त. तेव्हा माझ्यात जे सुरू झालं त्याला मी आधी दुःख समजत होते. ते दुःख नव्हतं. दुःखात माणूस झोपतो, खातो, विसरतो. माझं काही विसरलं जात नव्हतं. मला त्या माणसाचं नुकसान करायचं होतं. एवढं साधं होतं ते. त्याचं नाव न्याय ठेवावं असं मला कधी वाटलं नाही.

नेहरू नगरात एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे मी गेले. एकटी. सगळं सांगितलं. सांगताना दोन वेळा पाणी मागितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, शूटिंग? डिलीट झालं. आई तेव्हा नुसती बघत राहिली होती, जपून कोणी ठेवलं नव्हतं. दुसरं जोडपं? माहीत नाही कोण. शिपाई? बाई हसल्या. तो मुलगा? तो साक्ष देईल, पण तो तर तुझाच माणूस, दामले म्हणणार दोघं मिळून रचून सांगतात. आणि ते स्वतः कायद्याचे जाणकार. म्हणणार, मी तिथे नव्हतोच.

"जिस दिन गवाह मिल जाए, उस दिन आना," त्या म्हणाल्या. "मैं यहीं हूँ।"

मी घरी आले. कंपासपेटी उघडून राखी बघितली. तिचा रंग आता गुलाबी राहिला नव्हता.

मग आम्ही लग्न ठरवलं. ठरवलं म्हणजे, आम्हाला ते आधीच करायचं होतं, आता तारखेवर आणलं. वेगळ्या धर्माच्या दोघांना आपापला धर्म ठेवून लग्न करायचं तर एकच दार आहे. विशेष विवाहाचा कायदा. त्यात आधी नोटीस द्यायची. ती नोटीस कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस लागते. नाव, वय, पत्ता. येणारा जाणारा कुणीही वाचू शकतो. कुणीही हरकत घेऊ शकतो.

आईबाबांचं लग्न नागपूरला एका दुपारी झालं. त्यांची नावं कुठल्या फळ्यावर लागली नाहीत. मंगलाष्टकं झाल्यावर कुणी विचारलं नाही, कुणाची हरकत आहे का. एका धर्मातली माणसं असली की कायद्याला घाई असते. दोन धर्मांतली असली की कायदा महिनाभर दारात उभा राहतो आणि गल्लीला विचारतो, चालेल ना तुम्हाला? दामले काकांची समिती अजून सूचना लिहीत होती. त्यांच्या आधीच कुणीतरी दामले काका तिथे बसून गेले होते.

जोबिन म्हणाला, कोट्टयमला जाऊ. तिथे त्याची मावशी आहे. महिनाभर राहू, तिथेच नोटीस देऊ. इथल्या कुणाला कळणार नाही. त्याचं चूक नव्हतं. तो घाबरला होता, आणि घाबरायला कारण होतं. त्याच्या क्लासच्या मालकाने त्याला आधीच विचारलं होतं, सर, कोई लफड़ा तो नहीं है?

मी म्हटलं, "नाही. इथेच."

"ज़िद है?"

"हो."

मला माझं नाव त्या फळ्यावर हवं होतं. त्याच्या नावाशेजारी. भोपाळमध्ये. दामल्यांना वाचता येईल अशा उंचीवर.

आईला सांगितलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, बाबांना तू सांगू नकोस, मी सांगते. तिने काय सांगितलं, कसं सांगितलं, माहीत नाही. बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना ताट घेऊन ओट्याजवळ उभ्यानं जेवायचे.

नोटीस लागली. तिचा फोटो निघणार होता, निघाला. मंडळाच्या ग्रुपवर आला. या वेळी नावासकट.

महिना संपत आला तेव्हा कचेरीतून कळवलं, हरकत आली आहे, सुनावणीला या. बाबूने आम्हाला हरकतीची प्रत दिली. त्याने सही घेतली आणि माझ्याकडे जरा चमकून बघितलं. "ऐसी आपत्ति मैंने आज तक नहीं देखी," म्हणाला.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी वाचायला घेतलं. हरकत दामले काकांची होती, इंग्रजीत लिहिलेली. कारखान्याच्या कायदा विभागातलं, कडक इस्त्रीचं इंग्रजी. त्यांना माहीत नव्हतं की ते इंग्रजी मला त्यांच्यापेक्षा नीट कळतं.

मुद्दा असा होता. सदर मुलगा आणि मुलगी हे भाऊबहीण आहेत. रक्ताचे नव्हे, धर्माचे. सदर मुलीने अमुक तारखेला शाहपुरा तलावाजवळ सदर मुलास धार्मिक विधीपूर्वक राखी बांधून औक्षण केले. हा विधी माझ्या उपस्थितीत आणि माझ्या मार्गदर्शनाखाली पार पडला. मुलाने ओवाळणी देऊन नाते स्वीकारले. म्हणून हे लग्न निषिद्ध नात्यातले आहे, आणि त्यास परवानगी दिल्यास हिंदू समाजाच्या भावना दुखावतील. खाली त्या दोन बायकांची नावं, पत्ते. साक्षीदार म्हणून. बंदोबस्तावरच्या शिपायाचा उल्लेख. आणि जोडलेला फोटो.

फोटो रंगीत होता. चांगल्या कागदावर छापून घेतला होता. जोबिनचं कपाळ, त्यावर माझ्या बोटाने लावलेलं कुंकू. तबक. तबकात अंगठी. तबक धरलेला हात. आणि माझ्या मनगटाभोवती आवळलेली चार बोटं. माझा चेहरा. मी माझा तो चेहरा पहिल्यांदा बघत होते.

या माणसाला त्या फोटोत काय दिसलं असेल, याचा मी विचार करत बसले. त्याला संस्कार दिसला असेल. शास्त्रशुद्ध औक्षण दिसलं असेल. चाळीस वर्षं कायद्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला त्याची स्वतःची चार बोटं दिसली नाहीत. किंवा दिसली, आणि त्यात काही वावगं आहे असं वाटलं नाही.

जोबिन कपाळाला हात लावून बसला होता. "अब क्या होगा?" म्हणाला. "भाई-बहन! कोई मान लेगा तो?"

मी कागद परत पहिल्यापासून वाचला. मी वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, गवाह मिल गया।

सुनावणीच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. बरोबर बाबा होते.

मला वाटलं होतं बाबा येणार नाहीत. काकांनी त्यांना बोलावलं होतं, मुलीचा बाप म्हणून. बाबा दाराजवळ उभे राहिले. त्यांनी गणपतीत घालतात तो शर्ट घातला होता. माझ्याकडे बघितलं नाही.

विवाह अधिकारी मॅडम साधारण आईच्या वयाच्या. त्यांनी हरकत वाचली होती. त्यांनी काकांना विचारलं, कायद्यात निषिद्ध नात्यांची यादी दिली आहे, त्यात राखीचा उल्लेख कुठे आहे? काकांना हा प्रश्न अपेक्षित होता. ते उभे राहून बोलले. यादी म्हणजे सगळं नाही. याच कायद्यात रूढीला मान दिलेला आहे. या देशात राखीचं नातं रक्ताहून मोठं मानतात. कायदा समाजातून येतो, समाज धर्मातून. ते छान बोलतात. मॅडमनी मध्ये थांबवलं नाही.

मग मॅडमनी बाबांना विचारलं, आप लड़की के पिता हैं? आपको क्या कहना है?

बाबांनी काकांकडे बघितलं. खूप वेळ नाही. मग म्हणाले, "दामले साहब जो कहें।"

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. कंपासपेटीत ठेवता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे. बाबांची तीस वर्षं त्या चार शब्दांत होती, मला ती कळतात. कळतात म्हणून मी माफ केलं असं नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे मिटवायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या काकांना म्हणाल्या, आपण वडीलधारे आहात, मुलं चुकतात. मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, "बेटी, भावना की बात है। अंकल के पैर छू लो, माफ़ी माँग लो। ये आपत्ति वापस ले लेंगे। आज ही तुम्हारा काम हो जाएगा।"

काका हसले. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली आणि पाय पुढे घेतले. मराठीत म्हणाले, "ये. मी काही तुझा वैरी नाही." उजव्या हाताच्या अंगठ्याने ते अंगठी फिरवत होते.

जोबिनने माझ्या कोपराला हात लावला. मला कळलं. वाक आणि चल. एक क्षण वाक आणि जन्मभर चल. वकीलबाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. बाबा दारात होते.

पुन्हा तेच होतं. दोन मिनट का काम है, फिर घर जाओ.

मी उठले. काकांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी आशीर्वादाचा हात अर्धा वर केला. मी त्यांच्यासमोर हरकतीची प्रत धरली. वाक्य मनात तीनदा म्हणून झालं होतं.

"काका, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"अक्षर न् अक्षर."

"सही तुमची?"

"माझीच. का?"

मी फोटोवर बोट ठेवलं. "आणि हा हात? तबक कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या," काका म्हणाले. त्यांना अजून अभिमानच वाटत होता. ते मॅडमकडे वळले. "मैंने ख़ुद थाली पकड़ी थी, मैडम। विधि में कोई कमी नहीं रहने दी।"

"और मेरी कलाई?" मी विचारलं.

काकांचा अंगठा अंगठीवर थांबला. मॅडमनी फोटो जवळ ओढला, चष्मा वर केला आणि बघत राहिल्या. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. दारातून बाबा एक पाऊल आत आले आणि तिथेच थांबले.

मी आधी मॅडमना हिंदीत सांगितलं. म्हटलं, मला जबरदस्तीने पकडून उभं केलं होतं, धमकी दिली होती, हात धरून विधी करून घेतला होता, आणि यांनी आता तुमच्यासमोर जे कबूल केलं ते नोंदवून घ्या. आवाज फाटत होता. फाटू दिला. मग काकांकडे वळले. त्यांच्याशी मला मराठीतच बोलायचं होतं. त्यांनी मला मराठीतच धमकावलं होतं.

"पाय मागे घ्या, काका. मी वाकणार नाही. दोन वर्षं मी साक्षीदार शोधत होते. आज तुम्ही नाव, पत्ता, फोटो, सही घेऊन स्वतःच्या पायांनी आलात. लग्न माझं होईलच, आज नाही तर उद्या. पण इथून मी आधी पोलीस ठाण्यात जाणार आहे. आणि या गुन्ह्यात माझा पहिला साक्षीदार तुम्ही आहात."